मीठ एकदाच पडतं

मी एक जुनी भट्टी आहे. बेकरीतली. माझ्या दाराचं रबर झिजलंय, दार नीट लागत नाही, आणि फटीतून वाफ फुसफुसत बाहेर पडते. नवा कामगार आला की विचारतो, "हिला काय झालं?" मालक म्हणतो, "वय झालं तिचं." मित्रांनो, वयबिय काही नाही. मी चिडलेय. गेली सात वर्षं चिडलेय, आणि आज एकदाचं सगळं सांगून टाकणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आतून स्टील, बाहेरून स्टील, मध्ये ऊब धरून ठेवणारा जाड थर. दाराला काच, पोटात गोल फिरणारी ट्रॉली, आणि वेळ झाली की ठणठणणारी घंटा. मला तपासणाऱ्या माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "झकास झालीय. जिथं जाईल तिथं सोनं करील." मला काय माहीत, कुणाचं सोनं करणार होते ते!

मला विकायला घेतलं ते एका मशीनवाल्यानं. गोड माणूस. इतका गोड, की बोलता बोलता त्याच्या शर्टाला मुंग्या कशा लागत नाहीत याचं मला नवल वाटायचं. त्याची एक पद्धत होती. तो भट्टी आधी विकायचाच नाही. बेकरीत आणून ठेवायचा, गॅस जोडून द्यायचा आणि म्हणायचा, "आठ दिवस वापरा. नाही आवडली तर उचलून नेतो." आता सांगा, आठ दिवस वापरलेली भट्टी कोण परत करील?

मला ज्या बेकरीत आणलं तिथं आधी विटांची भट्टी होती. काळीकुट्ट, बुटकी, लाकडं खाणारी. मालक पहाटे उठून तिच्या तोंडाशी बसायचा आणि लांब दांड्याच्या फळीनं पाव आतबाहेर करायचा. धुरानं त्याचे डोळे कायम लाल. मालकीणबाईंना खोकला. दहा वर्षांची लेक होती, ती नाकाला फडकं बांधून शाळेचा अभ्यास करायची, मांडीवर बेकरीतलं मांजर घेऊन. त्या मांजराचा पाय निखाऱ्यावर भाजला होता, आणि पोरीनं रोज मलम लावून तो बरा केला होता. तेव्हापासून तिनं जाहीर करून टाकलं होतं, "मी जनावरांची डॉक्टर होणार." घरात कुणी हसलं नाही. मालक तर आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या डॉक्टरीणबाई."

मी आले आणि घरातला धूर गेला. पहिल्याच दिवशी मी एका दमात अठरा ट्रे पाव काढले, एकसारखे, सोनेरी, एकाचीही कड काळी नाही. मालक काचेला नाक लावून बघत राहिला. "अगं, इकडे ये, इकडे ये," त्यानं बायकोला हाक मारली, "बघ कशी फुगतायत!" माझ्या घंटेचा आवाज ऐकून पोरगी टाळ्या पिटायची. खोटं कशाला बोलू, मलाही मस्त वाटत होतं. कोपऱ्यातली विटांची भट्टी माझ्याकडे बघत होती. ती कुणाचं काही देणं लागत नव्हती. हे मोठेपण मला तेव्हा कळलं नाही.

आठ दिवसांनी मशीनवाला आला. हातात कर्जाचे कागद. माझी किंमत दहा लाख. एवढे पैसे मालकाकडे कुठून असणार? पण त्याची सोय मशीनवाल्यानं आधीच करून ठेवली होती. दुकान गहाण, एका कर्ज कंपनीकडून दहा लाख, महिन्याला बारा हजाराचा हप्ता. माझ्याच एका रिकाम्या ट्रेवर कागद पसरले गेले.

आता इथं नीट लक्ष द्या मित्रांनो, कारण सगळी माती इथंच झाली.

बेकरीत हिशेबाची एक रीत असते. मैदा म्हणजे शंभर. बाकी सगळं त्या शंभरावर मोजायचं. पाणी साठ टक्के, साखर सहा टक्के, मीठ दोन टक्के. मैदा पाच किलो घ्या नाहीतर पन्नास, टक्के तेच. माझा मालक शाळेत फार टिकला नव्हता, पण टक्केवारीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तोंडातून मैद्याचं वजन निघायच्या आत तो मिठाचं सांगायचा. त्यामुळे मशीनवाला म्हणाला "व्याज बारा टक्के," तेव्हा मालकाला आपल्याच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

"बारा टक्के म्हणजे शंभरावर बारा," तो म्हणाला. "दहा लाखांवर एक लाख वीस हजार. एकूण अकरा लाख वीस हजार द्यायचे. बरोबर ना?"

मशीनवाल्यानं टोस्टचा तुकडा चहात बुडवला. "असंच काहीसं," तो म्हणाला.

"मग मुदत पंधरा वर्षं कशाला लिहिलीय? बारा हजारानं तर आठ वर्षांच्या आत फिटतंय."

"लवकर फिटलं तर चांगलंच की, मालक!"

मालक हसला. त्याला ते पटलंही. मैद्याच्या पुड्यावर पाव भाजायला अर्धा तास लिहिलेला असला, तरी झाला की काढायचाच ना बाहेर? मुदत म्हणजे फार तर इतका वेळ, असं त्यानं धरलं. आणि टक्के म्हणजे मिठासारखे, एकदा घातले की घातले. पाव माझ्या पोटात कितीही वेळ राहू दे, त्यात मीठ परत पडत नाही. व्याज मात्र दर महिन्याला पडतं. जे मुद्दल बाकी राहिलंय त्याच्यावर, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ते बारा टक्के एका वर्षाचे होते, आणि वर्षं होती पंधरा. हे त्या ट्रेभोवती बसलेल्यांपैकी एकाला ठाऊक होतं, आणि तो टोस्ट खात होता.

मालकानं सह्या केल्या. मग लेकीला जवळ ओढून म्हणाला, "तू अठराची होशील ना, तेव्हा ही भट्टी आपली झालेली असेल. मग हाच हप्ता तुझ्या कॉलेजला. महिन्याला बारा हजार, डॉक्टरीणबाई!"

विटांची भट्टी दुसऱ्या दिवशी फोडली. दोन गडी घण घेऊन आले होते.

मग मी राबले. असं तसं नाही, जीव तोडून राबले. पहाटे पाव, दुपारी बिस्किटं, संध्याकाळी टोस्ट. दर महिन्याला हप्ता भरला की मालक माझ्यासमोर उभा राहून उरलेला आकडा मोठ्यानं सांगायचा, जसं काही मलाच आनंद व्हायचा होता. पहिल्या वर्षाच्या शेवटी कंपनीचा एक लांबलचक कागद आला. मालकानं तो उजेडात धरून वाचला. त्याच्या हिशेबानं नऊ लाख शहात्तर हजार राहिले होते. कागदावर बाकी होती नऊ लाख साडेचौऱ्याहत्तर हजार. "बघ, दीड हजार कमीच!" तो बायकोला म्हणाला. "माणसं चोख आहेत."

मित्रांनो, मी यंत्र असून माझ्या अंगावर काटा येतो. पहिल्या वर्षी त्याचा हिशेब जुळणारच होता. त्याचे ते एकदाचे बारा टक्के पहिल्याच वर्षात घेऊन झाले होते. पुढच्या वर्षीचा कागद त्यानं वाचला असता, तर तिथंच फरक लाखाच्या वर गेलेला दिसला असता. पण एकदा जुळलेला हिशेब कोण परत परत तपासतो? मालकीणबाई एकदा म्हणाल्याही, "अहो, एकदा बघून तर घ्या." तो म्हणाला, "चोख माणसांवर संशय घेऊ नये." पुढच्या प्रत्येक वर्षीचा कागद माझ्या शेजारच्या टेबलावर पसरला गेला आणि त्यावर गरम टोस्ट निवत ठेवले गेले. चांगला जाड कागद होता, तूप शोषून घ्यायचा.

वर्षं गेली. पोरगी उंच झाली. गल्लीतली लंगडी कुत्री, कान फाटलेली मांजरं, पंख मोडलेली कबुतरं, सगळी बेकरीच्या मागच्या दाराशी जमायची आणि ती त्यांना पट्ट्या बांधायची. मालकीणबाई करवादायच्या, "इथं पाव बनतो की दवाखाना चालतो?" पण हळदीची पुडी त्याच आणून द्यायच्या. बारावीला पोरीनं असे मार्क मिळवले की जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजनं तिला बोलावलं. फी, राहणं, खाणं धरून महिन्याला साधारण बारा हजार, पाच वर्षं. सगळं कसं अगदी मापात बसत होतं. मालकाच्या हिशेबानं कर्जातले फक्त शेवटचे चार हजार राहिले होते.

त्या दिवशी मालकानं केक केला. असा केक त्यानं कुणाच्या लग्नालाही केला नव्हता. बदाम घातले, वर साखरेची नक्षी काढली. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "आज नीट भाज हं. आज तू सुटणार." मी तो असा भाजला, असा भाजला, की मधोमध काडी घातली तर कोरडी बाहेर यावी. मग त्यानं इस्त्रीचा सदरा घातला, खिशात कोऱ्या नोटांचे चार हजार घेतले, केकचा खोका लेकीच्या हातात दिला, आणि बापलेक कर्ज कंपनीच्या कचेरीत गेले.

मी तिथं नव्हते. पण संध्याकाळी पोरीनं आईला सांगितलं ते मी शब्द न् शब्द ऐकलं.

कचेरीतल्या सगळ्यांनी केक खाल्ला. तारीफ केली. खिडकीतल्या माणसानं बोटं पुसली आणि विचारलं, "चार हजार कसले, काका?"

"शेवटचे," मालक म्हणाला.

त्या माणसानं कॉम्प्युटरवर आकडे बघितले. मग उठून आतल्या साहेबांना घेऊन आला. साहेब भला माणूस होता म्हणे. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि सांगितलं, "तुम्ही आजपर्यंत अकरा लाख सोळा हजार भरलेत. त्यातलं मुद्दल तीन लाख पाच हजार फिटलं. सहा लाख पंच्याण्णव हजार बाकी आहेत."

मालकाला वाटलं दुसऱ्या कुणाचा तरी हिशेब सांगतायत. त्यानं आपलं नाव परत सांगितलं.

साहेबानं पहिला हप्ता काढून दाखवला. बारा हजारांतले दहा हजार व्याजात गेलेले, मुद्दलात फक्त दोन हजार. दुसरा हप्ताही जवळजवळ तसाच. आणि तिसरा. पोरीनं टेबलावरचा कागद ओढला आणि साधा गुणाकार केला, जो सही करायच्या दिवशी कुणीच केला नव्हता. बारा हजार गुणिले एकशे ऐंशी हप्ते. एकवीस लाख साठ हजार. दहा लाखांच्या भट्टीचे.

"पण मला हे कुणी सांगितलं का नाही?" मालकानं विचारलं.

"कागदावर सगळं आहे, काका," साहेब म्हणाला. "दर वर्षी पाठवतो की आम्ही."

मग साहेबानं मदत म्हणून सुचवलं, की मुलीच्या शिक्षणासाठीही कर्ज मिळू शकेल. मालकानं सवयीनं तोंड उघडलं, "किती टक्के?" आणि तसाच राहिला. पोरगी म्हणाली, "चला बाबा." रिकामा खोका तिथंच राहिला.

त्या संध्याकाळी मालक माझ्यासमोर पोत्यावर बसून होता. मालकीणबाई म्हणाल्या, "भट्टी विकून टाकू." त्यानं मशीनवाल्याला फोन केला. मशीनवाला म्हणाला, जुन्या भट्टीचे दोन लाख येतील, तेही तुमच्यासाठी म्हणून. दोन लाखांनी सहा लाख पंच्याण्णव हजारांचं काय होणार? उलट भट्टी गेली तर हप्ता भरायचा कशातून, आणि हप्ता चुकला तर दुकान जाणार. म्हणजे मीच त्याला बुडवायचं आणि मीच तरंगवायचं. माझी शरम कुणाला सांगू?

"मी कॉलेजला नाही जात," पोरगी म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

"तू जायचंस," मालक ओरडला. "मी काहीही करीन, पण तू जायचंस!"

"काय करणार बाबा तुम्ही? मैदा महाग झालाय. पावाचा भाव वाढवला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. सांगा ना, काय करणार?"

तो रडला. मोठा माणूस, पिठानं पांढरे झालेले हात तोंडावर धरून. मी आतून तापलेलीच होते, आणखी काय करू शकत होते?

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. त्याच्या पुढचंही. कॉलेज काही कुणासाठी थांबून राहत नाही. पोरगी पहाटे माझ्याशी राबते आणि दहा वाजता चौकातल्या जनावरांच्या दवाखान्यात जाते. नोकरी आहे तिला तिथं. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा कुत्र्याला धरून ठेवायचं, मग फरशी पुसायची. डॉक्टर तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. ते तिला ताई म्हणतात, आणि एखादं जनावर फारच बिथरलं की तिलाच पुढे करतात.

आणि मालक? त्यानं टक्के म्हणणं सोडून दिलं. खरंच सांगते. त्या दिवसानंतर साठ टक्के, दोन टक्के हे शब्द त्याच्या तोंडून मी ऐकले नाहीत. पाणी तांब्यानं ओततो, मीठ मुठीनं टाकतो. पाव कधी अळणी होतो, कधी खारट. गिऱ्हाईक कुरकुरतं. ज्या एका विद्येत तो राजा होता, तिच्यावरचाच त्याचा विश्वास उडाला. आकड्यांचा मला इतका राग येत नाही, मित्रांनो, जितका याचा येतो.

मागच्या आठवड्यात एकशे ऐंशीवा हप्ता गेला. कुणी केक केला नाही. मालकीणबाईंनी देवापुढे नाही, माझ्यापुढेही नाही, मागच्या दारी जाऊन नुसता श्वास सोडला.

आणि तिसऱ्या दिवशी कोण यावं? मशीनवाला! केस पांढरे झाले होते, गोडी तशीच. मला टिचकी मारून म्हणाला, "मालक, हिचं काही खरं नाही आता. दार बघा, कसं गळतंय. नवं मॉडेल आलंय, साडेबारा लाख. आठ दिवस ठेवून बघा. हप्ता फक्त पंधरा हजार."

"किती हप्ते?" मालकानं विचारलं.

"अहो, हप्ता सांगतोय ना? तुमच्या खिशाला जमेल असा—"

"किती हप्ते?"

"एकशे ऐंशी."

ऑर्डरी लिहायला माझ्या डाव्या अंगाचा पत्रा वापरतात. मालकानं खडू घेतला आणि माझ्या अंगावर गुणाकार मांडला. हळूहळू, शून्यं मोजत, ओठ हलवत. लेक मागे उभी होती. उत्तर आलं सत्तावीस लाख.

"तुम्ही तेव्हा 'असंच काहीसं' म्हणाला होतात," मालक म्हणाला.

"मालक, मी हप्ता खरा सांगितला होता की नाही? एक पैसा तरी जास्त घेतला का कुणी?"

खरंच होतं ते. हप्ता त्यानं अगदी खरा सांगितला होता. मालकानं दाराकडे बोट दाखवलं, आणि आमचा गोड माणूस टोस्ट न खाताच निघाला.

मग मालक परत माझ्याकडे वळला आणि खाली आणखी दोन आकडे लिहिले. माझ्यावर भरलेलं नुसतं व्याज, अकरा लाख साठ हजार. त्याखाली पोरीच्या कॉलेजचे पाच वर्षांचे, सात लाख वीस हजार.

"तुझं कॉलेज होऊन वर चार लाख उरले असते," तो म्हणाला.

घंटा ठणठणली.

"बाबा, पाव काढा," लेक म्हणाली. "करपतील."

मित्रांनो, आम्हा वस्तूंनी शेवटी विनवायचं असतं, की आम्हाला जपा, पुसा, गंजू देऊ नका. मला ते काही नको. मला पुष्कळ पुसलं गेलंय. माझी विनवणी वेगळीच आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही घरी एखादा गोड माणूस येईल आणि हप्ता सांगेल. तेव्हा त्याला एकूण किती ते विचारा. स्वतः गुणाकार करा, आणि मूळ किंमत वजा करून व्याज किती जातंय ते बघा. तो "असंच काहीसं" म्हणाला, तर हातातलं पेन खाली ठेवा. लाजू नका. माझा मालक लाजला नव्हता, तो बिचारा विचारत होता, पण ज्याला विचारत होता त्याला उत्तर द्यायचं नव्हतं.

दाराला नवं रबर बसवायचं ठरलंय. म्हणजे मी अजून काही वर्षं चालेन. माझ्या अंगावरचे ते आकडे मात्र अजून आहेत. कॉलेजचा तेवढा सोडून. दवाखान्यात जाताना पोरगी तळहातानं तो पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या आधी उठून मालक तो परत लिहितो.